पिल्लू अनाथ आहे, हे ठरवलं कोणी? मांजराच्या दुधापासून उसाच्या फडापर्यंत

पेट आणि नेट-सेटची तयारी करणारे बरेच जण एकच प्रश्न विचारतात: "संशोधनाचा विषय मिळतो, पण संशोधनाचा प्रश्न कुठून आणायचा?" या प्रश्नावर व्याख्या देऊन उपयोग होत नाही. म्हणून आज एक अगदी घरगुती प्रश्न घेऊ आणि सव्वाशे वर्षांत तो कसा बदलत गेला ते पाहू. प्रश्न असा: आईविना सापडलेल्या मांजराच्या पिल्लाला काय पाजायचं?

हसू नका. या प्रश्नाच्या मागे शरीरक्रियाशास्त्र आहे, पोषणशास्त्र आहे, वर्तनशास्त्र आणि रोगप्रतिकारशास्त्रही आहे. आणि त्याच्या इतिहासातला एक महत्त्वाचा टप्पा आपल्या प्रवरा-कुकडीच्या ऊसपट्ट्यात घडला आहे.

सुरुवात घरातून

श्रीरामपूर परिसरात मांजर कुठे विते? माळ्यावर, गोठ्यात, कडब्याच्या गंजीत, गोण्यांच्या थप्पीमागे. कधी मांजर गाडीखाली येते, कधी कुत्री मारतात, कधी पहिलटकरीण मांजर एखादं पिल्लू जवळच घेत नाही. मग घरातलं कोणीतरी वाटीत गाईचं दूध घेतं, त्यात थोडं पाणी घालतं आणि कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब पाजतं. एक-दोन दिवस पिल्लू चोखतं. नंतर त्याला जुलाब लागतात, ते गार पडतं आणि बऱ्याचदा जातं. घरातली म्हातारी माणसं म्हणतात, "आईविना जगत नाही ते."

हे वाक्य लक्षात ठेवा. निरीक्षण म्हणून ते चांगलं आहे, पण स्पष्टीकरण म्हणून अपुरं आहे. आईविना जगत नाही, म्हणजे नक्की *कशाविना* जगत नाही? दुधाविना, उबेविना, चाटण्याविना, की आणखी कशाविना? "आई" हा एक शब्द आहे, पण त्यात अनेक चल एकत्र बांधलेले आहेत. पुढचा सगळा इतिहास म्हणजे ही मोळी सोडवून एकेक कांडी वेगळी करण्याचा इतिहास आहे.

१८९९: दुधाचा तक्ता

स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे गुस्ताव फॉन बुंगे हे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. वेगवेगळ्या प्राण्यांचं दूध इतकं वेगळं का असतं, हा त्यांचा प्रश्न. त्यांचे विद्यार्थी एमिल आब्डरहाल्डेन यांनी १८९९ च्या सुमारास एक साधा तक्ता मांडला. एका रकान्यात, जन्माचं वजन दुप्पट व्हायला पिल्लाला किती दिवस लागतात. दुसऱ्या रकान्यात, आईच्या दुधात प्रथिनं किती टक्के.

माणूस: १८० दिवस, प्रथिनं १.६ टक्के. गाय: ४७ दिवस, ३.५ टक्के. शेळी: २२ दिवस, ३.७ टक्के. मांजर: साडेनऊ दिवस, ७ टक्के. ससा: ६ दिवस, १४.४ टक्के.

तक्ता पाहताच कल लक्षात येतो. जितकी वाढ झपाट्याची, तितकं दूध दाट. क्षारांच्या बाबतीतही असंच दिसलं. आजच्या अधिक नेमक्या मोजमापांत आकडे थोडे मागेपुढे होतात, कारण मांजरीचं दूधही विल्यापासून दूध तुटेपर्यंत बदलत जातं. पण गाईच्या दुधापेक्षा त्यात प्रथिनं साधारण दुप्पट, हे ढोबळ चित्र टिकून आहे.

तुम्ही परीक्षक असाल तर इथे एक शंका काढाल, आणि काढायलाच हवी. हा सहसंबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. शिवाय मूठभर जातींवरून नियम काढलेला आहे. पण या तक्त्याचं मोल वेगळं होतं. "दूध म्हणजे दूध" हे गृहीतक त्याने मोडलं. गाईचं दूध वासरासाठी, मांजरीचं पिल्लासाठी, आणि या दोघांची वाढीची घाई वेगवेगळी.

मागच्या पानावरचं गणित

आता वहीच्या मागच्या पानावर होईल असं एक गणित करू. प्रयोगशाळेत पाऊल टाकण्याआधी अशा अंदाजी गणिताची सवय लावून घ्या, ते फार कामाला येतं.

नुकतंच जन्मलेलं पिल्लू साधारण १०० ग्रॅमचं असतं. त्याला दिवसाला अंदाजे २० किलोकॅलरी लागतात. पोटाची पिशवी एवढीशी, एका वेळी ४ मिलिलिटरच्या आसपासच मावतं. मांजरीच्या दुधातून (किंवा त्याच्या जोडीच्या तयार पावडरीतून) मिलिलिटरला साधारण १ किलोकॅलरी मिळते असं धरू. म्हणजे दिवसाला २० मिलिलिटर, पोट गच्च भरून पाच वेळा.

गाईच्या दुधातून मिलिलिटरला मिळते साधारण ०.६५ किलोकॅलरी. तेवढ्याच ऊर्जेसाठी आता ३१ मिलिलिटर लागेल, म्हणजे गच्च पोटाने आठ वेळा. आपण त्यात निम्मं पाणी घातलं तर सोळा वेळा! कोण पाजणार? पिल्लू उपाशी राहतं ते इथे, आणि तेही पोट टम्म भरलेलं असताना.

पुढे बघा. २० मिलिलिटर मांजरीच्या दुधातून १.४ ग्रॅम प्रथिनं मिळाली असती. ३१ मिलिलिटर गाईच्या दुधातून मिळतात जेमतेम १.१ ग्रॅम. उलट दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पोटात जातं जवळपास दुप्पट. लहान पिल्लाला लॅक्टोज पचतं, पण त्याची एक मर्यादा असते. ती ओलांडली की जुलाब.

"मग म्हशीचं दूध?" आपल्याकडे हा प्रश्न येणारच. म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त, त्यामुळे ऊर्जेचा हिशोब बसतो. पण प्रथिनं चार टक्क्यांच्या आसपास. म्हणजे २० मिलिलिटरमध्ये ०.८ ग्रॅम, गरजेच्या निम्म्याच्या थोडी वर. एक भोक बुजवलं की दुसरं उघडं पडतं.

१९७५: यादीत नसलेला पदार्थ

समजा प्रथिनं, स्निग्धांश, क्षार, जीवनसत्त्वं सगळं मोजून मापून दिलं. झालं का काम?

कॅलिफोर्नियात फ्रान्सिस पॉटेंजर या डॉक्टरांनी १९३२ ते १९४२ या काळात शेकडो मांजरांवर आहाराचे प्रयोग केले. शिजवलेलं मांस खाणाऱ्या मांजरांची तब्येत ढासळली, पिढ्यांमागून पिढ्या अशक्त होत गेल्या. पॉटेंजर यांना वाटलं की उष्णतेने अन्नातलं काहीतरी मोलाचं नष्ट होतं. ते "काहीतरी" काय, हे मोजायचं साधन तेव्हा त्यांच्याकडे नव्हतं.

१९७५ साली 'सायन्स' नियतकालिकात के. सी. हेज आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. दुधातल्या केसीन या प्रथिनावर वाढवलेल्या मांजरांच्या डोळ्यातला पडदा झिजत होता. प्रथिनं भरपूर, तरी दृष्टी जात होती. कमतरता निघाली टॉरिन नावाच्या पदार्थाची. टॉरिन काही नवा नव्हता. टीडमान आणि ग्मेलिन या जर्मन शास्त्रज्ञांनी १८२७ मध्ये बैलाच्या पित्तातून तो वेगळा केला होता, नावही बैलाच्या लॅटिन नावावरून पडलं. जवळजवळ दीडशे वर्षं तो माहीत होता, पण आहारात तो *आवश्यक* असेल असं वाटलं नव्हतं, कारण बहुतेक सस्तन प्राणी तो शरीरात पुरेसा बनवतात. मांजर बनवू शकत नाही. मांजरीच्या दुधात तो भरपूर असतो, गाईच्या दुधात नगण्य.

गोष्ट इथे संपली नाही. १९८७ मध्ये पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी, पुन्हा 'सायन्स'मध्येच, दाखवलं की हृदयाचे स्नायू कमजोर होऊन मरणाऱ्या अनेक मांजरांच्या रक्तात टॉरिन कमी होतं, आणि ते दिल्यावर हृदय सुधारत होतं. यातली मांजरं काही उकिरड्यावरची नव्हती. ती बाजारातलं तयार, "संपूर्ण आहार" म्हणून विकलं जाणारं खाद्य खात होती. त्यानंतर मांजरांच्या खाद्यात टॉरिनचं प्रमाण वाढवण्यात आलं.

आता मागे वळून अनेक जण म्हणतात की पॉटेंजरच्या मांजरांनाही टॉरिनच कमी पडलं असावं. शक्य आहे, पटण्यासारखंही आहे. पण त्या मांजरांचं टॉरिन कोणी मोजलं नव्हतं, म्हणून "असावं" याच्या पुढे जाता येत नाही. साहित्य आढावा लिहिताना "असावं"चं "होतं" करायचा मोह फार होतो. सांभाळा.

दूध पोचलं, तरी आई पोचली का?

इथपर्यंत सगळं बाटलीतल्या मजकुराबद्दल झालं. दुसरीकडे वर्तनशास्त्रज्ञ वेगळ्याच बाजूने बघत होते.

१९५९ च्या सुमारास आर. एफ. युअर या प्राणीशास्त्रज्ञ बाईंनी मांजराच्या पिल्लांचं दूध पिणं बारकाईने नोंदवलं. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांतच पिल्लं आपापलं स्तनाग्र ठरवून घेतात आणि बहुतेकदा तिथेच जातात. म्हणजे डोळे मिटलेले असतानाही पिल्लू शिकत असतं.

१९६१ साली न्यूयॉर्कमध्ये जे रोझेनब्लाट, जेराल्ड टर्केविट्झ आणि टी. सी. श्निर्ला यांनी पिल्लांना आईपासून वेगळं काढलं आणि ऊब व दूध देणारी कृत्रिम "आई" दिली. पोट भरत होतं. मग वेगवेगळ्या वयात त्यांना परत आईकडे सोडलं. अगदी पहिल्या आठवड्यातच वेगळी राहून परतलेली पिल्लं तुलनेने लवकर आईला पिऊ लागली. पण मोठ्या वयात कित्येक दिवस वेगळी राहिलेल्यांना ते अवघड गेलं, काहींना जमलंच नाही. त्यांच्याविना आई आणि भावंडं पुढे सरकली होती, आणि यांना त्यात शिरता येईना.

आज हे प्रयोग करायचे म्हटलं तर नैतिक समितीसमोर बरीच उत्तरं द्यावी लागतील, आणि ते योग्यच आहे. पण त्यांतून एक गोष्ट पक्की झाली. पाजणं ही पोट भरण्याची क्रिया असतेच, शिवाय ती वेळापत्रक असलेली शिकण्याची प्रक्रियाही असते.

आणखी दोन कामं आई करते, जी आपल्या डोळ्यांसमोर असूनही दिसत नाहीत. पहिलं, ऊब. पहिल्या आठवड्यात पिल्लाला स्वतःचं तापमान राखता येत नाही. अंग ३५ अंश सेल्सियसच्या खाली गेलं की आतड्यांची हालचाल मंदावते, आणि अशा गार पिल्लाला दूध पाजलं तर ते पचत तर नाहीच, फुप्फुसातही जाऊ शकतं. दुसरं, चाटणं. ते काही नुसतं लाड करणं नव्हे. पहिले तीनेक आठवडे पिल्लाला स्वतःहून शी-शू करता येत नाही, आईच्या जिभेच्या स्पर्शानेच ती होते. दूध अगदी बरोबर, पण पुसून काढायला कोणी नाही, एवढ्यानेही पिल्लू जातं.

सोळा तासांची खिडकी

पुढची कांडी सापडली १९९६ मध्ये. पेनसिल्वेनिया विद्यापीठातल्या मार्गरेट कसाल आणि सहकाऱ्यांनी तपासलं की आईच्या चिकातली प्रतिपिंडं पिल्लाच्या आतड्यातून रक्तात किती वेळ जाऊ शकतात. उत्तर आलं: जन्मानंतर साधारण सोळा तास. त्यानंतर आतडं ते दार बंद करतं. त्यानंतर चीक पाजला तरी ती प्रतिपिंडं रक्तात पोचत नाहीत.

म्हणजे जन्मल्या दिवशीच आई गेली तर उत्तम दूध, ऊब, काळजी सगळं देऊनही पिल्लू रोगांपुढे उघडं राहतं. २००१ मध्ये फ्लोरिडातल्या ज्युली लेव्ही आणि सहकाऱ्यांनी यावर वाट काढली. निरोगी प्रौढ मांजराच्या रक्तातलं सीरम पिल्लाला दिलं तर प्रतिपिंडांची उणीव भरून काढता येते. हे काम अर्थातच पशुवैद्यकाचं.

आता जरा थांबून आकृती पाहा. १८९९ ला वाटलं, प्रथिनांचा प्रश्न आहे. १९६१ ला कळलं, शिकण्याचाही आहे. १९७५ ला कळलं, यादीत एक पदार्थच नव्हता. १९९६ ला कळलं, वेळेचाही आहे. प्रत्येक वेळी आईची जागा घ्यायला माणूस गेला, पिल्लू कुठेतरी अडलं, आणि अडलं तिथे आईचं एक काम नव्याने दिसलं. संशोधनाचा प्रश्न कुठून मिळतो, याचं एक उत्तर हे: पर्याय जिथे फसतो तिथे नीट बघा.

पण या सगळ्या मंडळींनी एक गोष्ट धरूनच चालली होती, की आई नाही. प्रयोगशाळेत ते खरंच होतं, कारण पिल्लाला त्यांनीच वेगळं काढलं होतं. शेतात?

आता या आपल्याकडे

भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं, तेव्हा त्याला विल्सन डॅम म्हणत. प्रवरेचे कालवे आले आणि ज्वारी-बाजरीच्या कोरडवाहू पट्ट्यात ऊस उभा राहिला. हरेगावला बेलापूर कंपनीचा खाजगी कारखाना होता. पुढे १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला, आणि मग एकामागून एक. हा इतिहास आपण कारखानदारीचा म्हणून वाचतो. तो प्राण्यांच्या बाजूनेही वाचता येतो. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने उभा असतो. आत दाट सावली, गारवा, शेजारी पाणी, गावात कुत्री आणि शेळ्या. रानमांजर, वाघाटी आणि बिबट्या यांना विण्यासाठी यापेक्षा आडोशाची जागा कुठली?

विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातल्या बागायती खोऱ्यात कॅमेरे लावून बिबट्यांची मोजणी केली. २०१३ मध्ये 'प्लॉस वन'मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधानुसार तिथे दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे होते. जंगल नाही, अभयारण्य नाही, माणसांनी भरलेली शेती. आणि तीच प्रवरा पुढे आपल्या बेलापूरजवळून वाहते.

गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोड टोळी फडात शिरते. कोयता चालता चालता पाचटात दोन-तीन पिल्लं सापडतात. गर्दी जमते, मोबाईल निघतात. "आई सोडून गेली, बिचारी अनाथ आहेत." कोणी उचलून घरी आणतं, कोणी दूध पाजतं. गंमत म्हणजे "बिबट्याचे बछडे" म्हणून बातमी होते आणि ती निघतात रानमांजराची किंवा वाघाटीची. रानमांजराच्या पिल्लांच्या अंगावर फिकट पट्टे असतात, मोठेपणी ते जवळजवळ जातात. वाघाटी तर मोठी झाली तरी दीडेक किलोचीच.

आता निरीक्षण आणि अनुमान वेगळं करा. निरीक्षण काय? दिवसा, माणसांच्या गलक्यात, पिल्लांजवळ आई *दिसली* नाही. अनुमान काय? आई *नाही*. या दोहोंमध्ये केवढं अंतर आहे! कोयत्यांचा आवाज आणि वीस माणसं असताना कोणती मादी समोर येईल?

जुन्नर भागात वनविभाग आणि माणिकडोह बिबट निवारा केंद्रात काम करणारे वाइल्डलाइफ एसओएसचे पशुवैद्यक यांनी या अनुमानाची शेतातच परीक्षा घेतली. पद्धत अशी: पिल्लं तपासायची, ओळखीसाठी कातडीखाली मायक्रोचिप बसवायची, अंधार पडण्याआधी *जिथे सापडली त्याच जागी* एका खोक्यात किंवा क्रेटमध्ये ठेवायची, कॅमेरे लावायचे, आणि माणसांनी लांब जायचं. रात्री मादी येते. हुंगते, खोकं आडवं करते, एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. असं पुन्हा पुन्हा घडलं आहे, आणि कॅमेऱ्यात नोंदलंही गेलं आहे.

याच नोंदींनी आणखी एक समजूत खोटी ठरवली: "माणसाचा हात लागला की आई पिल्लू घेत नाही." इथे पिल्लांना नुसता हात लागला नव्हता, तपासणी झाली होती, सुई टोचली होती. तरी आईने नेलं.

आणि नेलं नसतं तर? हातावर वाढलेलं बिबट्याचं पिल्लू शिकार शिकत नाही, माणसाला घाबरत नाही. त्याला पुन्हा सोडणं धोक्याचं ठरतं, म्हणून बहुधा त्याचं सगळं आयुष्य पिंजऱ्यात जातं. फडातली पाच मिनिटं आणि एका जनावराचं अख्खं आयुष्य, असा हा हिशोब आहे.

सात घरं आणि रांगोळी

आता घरच्या मांजराकडे परत येऊ, कारण हेच तिलाही लागू आहे. आपल्याकडे म्हणतात, मांजर पिल्लांना सात घरं फिरवते. सातचा आकडा सोडून द्या, पण आत पक्कं निरीक्षण आहे. मांजर जागा बदलते, आणि एका वेळी एकच पिल्लू तोंडात नेते. म्हणजे जिन्याखाली एकटं सापडलेलं पिल्लू टाकलेलं असेल, किंवा *पुढच्या फेरीची वाट बघत* असेल. तुम्ही ते उचललंत, तर अनाथ तुम्ही केलंत.

मग ओळखायचं कसं? पिल्लू उबदार, स्वच्छ, पोट भरलेलं आणि शांत असेल तर आई येऊन गेली आहे. लांबून काही तास लक्ष ठेवा. ती माणसाला बुजत असेल तर पिल्लांपासून दोन हात लांब रांगोळीचं बारीक रिंगण घाला आणि निघून जा. परत आल्यावर पावलांचे ठसे दिसले तर उत्तर मिळालं. कॅमेरा नसलेल्यांचा हा कॅमेरा, खर्च दहा रुपये. पीठ वापरू नका, मुंग्या येतात.

पिल्लू गार असेल, अंगाला मुंग्या किंवा घाण असेल, सतत ओरडत असेल, पोट खपाटीला गेलेलं असेल, तर थांबू नका. तेव्हा मात्र मघाचा सगळा इतिहास क्रमाने कामाला येतो:

पहिली ऊब. कपड्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवा, आणि पिल्लाला गरम वाटलं तर लांब सरकता येईल एवढी जागा ठेवा. अंग गरम होईपर्यंत दूध नाही.

मग दूध. दूध पाजणारी दुसरी मांजर मिळाली आणि तिने घेतलं तर सगळ्यात उत्तम. नाहीतर मांजराच्या पिल्लांसाठीची तयार दूधपावडर, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात, कोमट. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पिल्लू पोटावर, आई जवळ असताना असतं तसं. बाळासारखं उताणं धरून कधीच पाजू नका, दूध श्वासनलिकेत जातं.

मग पुसणं. प्रत्येक वेळी पाजल्यावर ओल्या कोमट कापसाने मागचा भाग हळूच चोळायचा.

आणि रोज वजन, एकाच वेळी, स्वयंपाकघरातल्या काट्यावर. दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढ हवी. एक दिवस वजन वाढलं नाही तर लक्ष द्या, घटलं तर त्याच दिवशी पशुवैद्यक गाठा. दिसायला पिल्लू ठीक असतं तेव्हाही काटा आधी बोलतो.

पिल्लू रानटी असेल, किंवा तशी शंका जरी असेल, तर यातलं काहीच करायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानमांजर, वाघाटी किंवा बिबट्याचं पिल्लू घरी ठेवणं गुन्हा आहे. जागा लक्षात ठेवायची, माणसं लांब करायची, तेवढ्या तुकड्यातली तोड थांबवायला मुकादमाला सांगायचं आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा. भंडारदऱ्याचं वर्षही तेच, म्हणून लक्षात ठेवायला सोपं.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

या गोष्टीतून तीन प्रश्न तुमच्या विषयाला लावून बघा. विषय मांजराचा असायची गरज नाही, मातीचा, बँकेचा, भाषेचा, कुठलाही चालेल.

एक, तुमच्या प्रश्नात "आई"सारखा कोणता शब्द आहे, जो एक वाटतो पण आत पाच-सहा चल घेऊन बसला आहे? "गरिबी", "ताण", "सुपीकता", "दर्जा" हे असे शब्द. त्यांची मोळी सोडा.

दोन, तुमच्या क्षेत्रात कोणता पर्याय वापरला जातो आणि तो नेमका कुठे फसतो? यशस्वी झालेल्या ठिकाणांपेक्षा फसलेल्या ठिकाणांची यादी आधी करा.

तीन, आणि हा सगळ्यात अवघड. तुम्ही ज्याला सुरुवात समजता, ते निरीक्षण आहे की अनुमान? "शाळा सोडलेली मुलं" असं लिहिताना मुलांनी शाळा सोडली हे कोणी पाहिलं, की हजेरीपटात नाव *दिसलं नाही* एवढंच पाहिलं? ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या बाबतीत तर या दोन वाक्यांतला फरक म्हणजे एक आख्खा प्रबंध आहे. हंगामात ती मुलं फडावर असतात, आणि काहींची नावं तिकडच्या शाळेत निघतात.

एका कागदावर दोन रकाने करा. डावीकडे "पाहिलं", उजवीकडे "धरून चाललो". तुमच्या प्रस्तावाचं पहिलं पान घेऊन एकेक वाक्य कुठल्या रकान्यात जातं ते लिहा. गाईडला भेटायच्या आधी हे करा, कारण मौखिक परीक्षेत पहिला प्रश्न बहुधा उजव्या रकान्यातूनच येतो.